ओलीवरचे पीक

[पावसाळा संपला की कोकणातील भातखाचरे रिकामी होतात, परंतु भाताने न वापरलेली ओल जमिनीत मागे राहते. त्या उरलेल्या ओलीवर, पाण्याचा एक थेंबही न देता, वालाचे पीक कसे घेतले जाते, ह्याची माहिती ह्या पाठात दिली आहे.]

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात खारबाव नावाचे गाव आहे. वसईहून दिव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ह्याच नावाचे स्थानक लागते. गावाच्या एका अंगास उल्हास नदीची रुंद खाडी पसरलेली आहे, तर दुसऱ्या अंगास दूरवर तुंगारेश्वराच्या रांगेतील डोंगर दिसतात. मधल्या सखल प्रदेशात बांधांनी आखलेली भाताची खाचरे आहेत. ह्या भागात वर्षाकाठी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पण तो जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतच पडून जातो. उरलेले आठ महिने आकाश कोरडेच असते. आषाढात पाण्याने तुडुंब भरलेली खाचरे चैत्रात भेगाळून जातात.

अशा भूमीत वर्षातून एकच पीक यावयाचे, ते म्हणजे भाताचे, असे परक्या माणसास वाटणे स्वाभाविक आहे. पाऊस निघून गेलेला असतो आणि खाडीचे पाणी खारे असल्यामुळे ते पिकास देता येत नाही. परंतु डिसेंबर अखेरीस ह्या भागातून प्रवास करणाऱ्यास एक निराळेच दृश्य दिसते. ज्या खाचरांतून भात कापून नेले, त्यांतील काही खाचरांत गुडघ्याएवढ्या उंचीची हिरवीगार रोपे डुलत असतात. जवळ पाट नसतो, रहाट नसतो, पंपाचा आवाजही ऐकू येत नाही. ती रोपे वालाची असतात.

वालाला पाणी मिळते ते जमिनीच्या पोटातून. भाताची जमीन चिकण मातीची असते. चिकण मातीचे कण अतिशय बारीक असतात आणि त्यांच्यामधील फटीही तितक्याच सूक्ष्म असतात. चार महिने साचून राहिलेले पावसाचे पाणी ह्या फटींत अडकून बसते. दिव्याची वात ज्याप्रमाणे तेल वर ओढून घेते, त्याप्रमाणे ह्या सूक्ष्म फटींतून खालची ओल हळूहळू वर चढत असते. शेतकरी तिला जमिनीची 'अंगओल' म्हणतात. शरीरात जशी ऊब, तशी जमिनीच्या अंगी ही ओल.

मात्र ही ठेव फार दिवस टिकत नाही. भात कापले गेले की जमीन उघडी पडते. ऊन आणि वारा वरची ओल उडवून नेतात. मग माती कठीण होते, तिला भेगा पडतात आणि त्या भेगांतून खोलवरची ओलही निघून जाऊ लागते. एका बाजूने सूर्य ही ओल वर ओढून नेत असतो. दुसऱ्या बाजूने वालाचे सोटमूळ तिच्या शोधात खाली उतरत असते. ह्या शर्यतीत मूळ पुढे राहिले, तर पीक हाती लागते. ते मागे पडले, तर शेंगा भरण्यापूर्वीच रोप सुकून जाते. म्हणून वालाच्या शेतीत पेरणीचा दिवस नेमका साधणे, हीच खरी परीक्षा असते.

तो दिवस पंचांगात सापडत नाही. तो मातीलाच विचारावा लागतो. एखादा अनुभवी शेतकरी आपल्या नातवाला तो कसा ओळखावा हे शिकवतो, तेव्हा त्यांच्यात पुढीलप्रमाणे बोलणे होते.

नातू उतावीळपणे विचारतो, "आजा, भात कापून चार दिवस झाले. आज वाल पेरायचा ना?"

आजा खाली वाकतो, वितभर खोल उकरून मूठभर माती घेतो आणि ती दाबून तिचा गोळा करतो. कमरेच्या उंचीवरून तो गोळा खाली सोडून देतो. गोळा जमिनीवर आपटून चपटा होतो, पण फुटत नाही.

"बघ, पोरा. गोळा फुटला नाही. अजून चिखल आहे. आज बी टाकले, तर ते कुजून जाईल."

काही दिवसांनी आजा पुन्हा तसाच गोळा करून टाकतो. ह्या वेळी तो जमिनीवर पडताच फुटून मोकळा होतो.

"आता वाफसा आला. उद्या पहाटेच पेरणीला लागू."

"आणि आणखी आठ दिवस थांबलो तर?"

"तर गोळाच होणार नाही. माती मुठीतून पिठासारखी गळेल. बी रुजले, तरी मुळाला खाली उतरायला वेळ उरणार नाही. माती काही आपली वाट बघत बसत नाही, पोरा. आपणच तिची वाट बघायची असते."

वाफसा म्हणजे जमिनीत ओल आणि हवा ह्या दोन्ही गोष्टी योग्य प्रमाणात असण्याची स्थिती. बियाला रुजण्यासाठी पाणी हवे असते, तसेच श्वसनासाठी हवाही हवी असते. चिखलात पाणी असते, पण हवा नसते. कोरड्या मातीत हवा असते, पण पाणी नसते. ह्या दोहोंच्या मधले थोडेसे दिवस तेवढे पेरणीचे.

वाफसा आला की काही शेतकरी जमीन नांगरून ओळींत बी पेरतात आणि लगेच फळी फिरवून माती दाबतात, म्हणजे ओल झाकली जाते. काहीजण नांगरटच करीत नाहीत. भाताची धसकटे तशीच ठेवून त्यांच्यामधल्या जागेत टोकदार काठीने अगर विळ्याने छिद्र पाडतात, त्यात बी टाकतात आणि पायाने माती लोटतात. ह्या पद्धतीस टोकण म्हणतात. तीत श्रम हाताचे असले, तरी जमीन उघडी पडत नसल्यामुळे ओल कमी उडते. रोपे वाढू लागली की एखादी हलकी खुरपणी करतात. तिच्यामुळे तण तर निघतेच, शिवाय वरच्या भेगा बुजून ओलीची वाटही बंद होते.

सगळ्याच खाचरांत मात्र वाल येत नाही. खाडीला लागून असलेल्या खारजमिनीत ओल वर चढताना आपल्याबरोबर मीठही वर आणते. पाणी उडून जाते आणि मीठ मातीच्या पृष्ठभागावर मागे राहते. वालाला खारेपणा सोसत नाही. म्हणून खाडीपासून दूर असलेली, थोडी उंचावरची खाचरे वालासाठी निवडावी लागतात. पावसाळ्यात भात देणाऱ्या दोन खाचरांपैकी एक हिवाळ्यात वाल देते आणि दुसरे देत नाही, ह्याचे कारण अनेकदा हेच असते.

वालावर आणखी एक संकट असते, ते गुरांचे. भातकापणी झाली की गुरे शिवारात मोकळी सोडण्याची चाल कोकणात जुनी आहे. धसकटे आणि बांधावरचे गवत खात ती दिवसभर हिंडतात. अशा वेळी गावातील एकट्यानेच वाल पेरला, तर त्याचे हिरवे शेत गुरांच्या तोंडी सापडण्यास वेळ लागत नाही. एकट्याने कुंपण घालणे खर्चाचे, आणि एकट्याने रात्रंदिवस राखण करणे अशक्य. परंतु एका पट्ट्यातील सर्वांनी मिळून वाल पेरला, गुरे बांधून ठेवण्याचे ठरविले आणि राखणीच्या पाळ्या लावून घेतल्या, तर सर्वांचाच वाल वाचतो. म्हणजे ह्या पिकाला पाणी लागत नसले, तरी शेजाऱ्यांचा एकोपा मात्र लागतो.

ओलीवरचा हा वाल ठेंगणा असतो. त्याला मांडव किंवा आधार लागत नाही. परसात लावतात तो पापडीचा वेल मात्र मांडवावर अगर कुंपणावर चढतो. दोघांचीही पाने तीन-तीन पर्णिकांची असतात. फुले पांढरी किंवा जांभळी असून ती उभ्या दांड्यावर तुऱ्यासारखी येतात. शेंग चपटी आणि चंद्रकोरीसारखी किंचित वाकलेली असते. तिला एक उग्र वास असतो. शेंगा खुडणाऱ्याच्या हातांना तो बराच वेळ येत राहतो. शेंगेतील दाणा नीट न्याहाळला, तर त्याच्या कडेवर एक ठळक पांढरी रेघ दिसते. वाल ओळखण्याची ही सोपी खूण होय.

वालाच्या जुन्या जातींची एक गंमत आहे. त्या पावसाळ्याच्या आरंभी लावल्या, तरी फुलत नाहीत. नुसतीच पाने वाढवीत राहतात. दिवस लहान आणि रात्री मोठ्या होऊ लागल्या, म्हणजेच त्यांना फुले येतात. रात्रीची लांबी ओळखून फुलणाऱ्या अशा वनस्पतींपैकी वाल एक आहे. म्हणूनच हिवाळा हाच त्याचा खरा हंगाम. त्या दिवसांत पहाटे दव पडते, हवा थंड असते आणि जमिनीतील ओल उडण्याचा वेग मंदावतो. रोपाची गरज आणि ऋतूचा स्वभाव ह्यांचा असा मेळ बसलेला आहे. ढगाळ हवा मात्र त्याला मानवत नाही. अशा वेळी कोवळ्या शेंड्यांवर मावा पडतो आणि रोपाचा रस शोषून घेतो.

वाल जमिनीतून ओल घेतो, हे खरे. पण तो जमिनीला काही देऊनही जातो. वालाचे रोप हळुवारपणे उपटून मुळे पाण्यात धुतली, तर त्यांवर मोहरीएवढ्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या गाठी दिसतात. ही कीड नव्हे. ह्या गाठींत अतिसूक्ष्म जीवाणू राहतात. हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू असतो. परंतु वनस्पतींना तो हवेतून सरळ घेता येत नाही. गाठींतील जीवाणू तो पकडून वनस्पतीला वापरता येईल अशा रूपात आणतात आणि त्याच्या मोबदल्यात वनस्पती त्यांना साखर पुरविते. डाळवर्गीय पिकांना ह्या गाठींतून नत्र मिळते, हे हेलरीगेल आणि विलफार्थ ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ ते १८८८ ह्या काळात सिद्ध केले. १८८८ सालीच बायरिंक ह्या डच शास्त्रज्ञाने गाठींतील जीवाणू वेगळे काढून दाखविले.

पीक निघाल्यावर मुळे आणि गळून पडलेली पाने शेतातच कुजली, तर त्यांतील नत्राचा काही भाग पुढच्या भाताला मिळतो. म्हणून पक्व झालेले रोप मुळासकट उपटण्यापेक्षा विळ्याने जमिनीलगत कापून घेणे अधिक हिताचे असते. भाताने मागे ठेवलेली ओल वालाने घ्यावी आणि वालाने मागे ठेवलेले नत्र भाताने घ्यावे, असा हा दोन पिकांचा व्यवहार आहे.

माणसाची आणि वालाची ओळख फार जुनी आहे. ह्या वनस्पतीचे रानटी पूर्वज आफ्रिकेत आढळतात. तेथून ती प्राचीन काळीच भारतात आली. दक्षिण भारतातील नवाश्मयुगीन वसाहतींच्या उत्खननांत वालाचे जळून कोळसा झालेले दाणे सापडले आहेत. म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या चुलीवरही वाल शिजत होता. संस्कृतात त्याला 'निष्पाव' म्हणत. १७५३ साली लिनियस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्याला 'डॉलिकॉस लॅबलॅब' असे नाव दिले; आज वनस्पतिशास्त्रात तो 'लॅबलॅब पर्प्युरियस' ह्या नावाने ओळखला जातो.

लोकांच्या तोंडी मात्र त्याची नावे गावोगावी बदलतात. कोकणात तो वाल, देशावर पावटा. गुजरातेत त्याच्या कोवळ्या शेंगांना पापडी म्हणतात. हिंदीत तो सेम होतो आणि कन्नडात अवरे. आफ्रिकेतील केनिया देशात काळ्या दाण्याच्या वालास 'न्जाही' म्हणतात, आणि किकुयू लोकांत बाळंतिणीला तो आवर्जून खाऊ घालतात. केनियातीलच रोंगाई ह्या ठिकाणच्या नावाने ओळखली जाणारी एक जात १९६२ साली ऑस्ट्रेलियात प्रसृत झाली आणि तेथे गुरांचा उत्तम चारा ठरली. एकच वेल, कोठे तो भाजी झाला, कोठे कडधान्य, तर कोठे चारा.

घरात वाल दोन रूपांनी येतो. जानेवारीपासून हिरव्या शेंगा मिळू लागतात. कोवळ्या शेंगा शिरा काढून, मोडून भाजीत घालतात. भरलेल्या शेंगांतील ओले दाणे सोलून वांग्यात किंवा बटाट्यात शिजवितात. खाडीकाठच्या घरांत त्यांना सुकटीची किंवा सोड्यांची जोड मिळते. ह्याच दिवसांत रायगड जिल्ह्यात शेतावर 'पोपटी' लावली जाते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालतात, वर ओवा आणि मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा भरतात, पुन्हा पाला कोंबून मडक्याचे तोंड बंद करतात आणि ते उपडे ठेवून भोवती जाळ करतात. मडक्यात पाणी मुळीच घालीत नाहीत. शेंगांच्या अंगच्या ओलीची वाफ होते आणि तीतच त्या शिजतात. शेतात आणि मडक्यात, दोन्हीकडे वाल अंगओलीवरच निभावतो! दक्षिण गुजरातेत अशाच प्रकारे 'उबाडियुं' करतात.

वाळलेल्या दाण्यांचे बिरडे हे वालाचे दुसरे रूप. ते करण्यास चिकाटी लागते. दाणे रात्रभर भिजत घालावयाचे, ते पाणी टाकून देऊन फडक्यात घट्ट बांधून ठेवावयाचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलावयाचा. सोललेल्या ह्या दाण्यांना काही घरी डाळिंब्याही म्हणतात. फोडणी, ओले खोबरे, आमसूल आणि गुळाचा खडा पडला की कडव्या वालाचा कडवटपणा रुचकर होतो. घरातील मुले आजीभोवती बसून वाल सोलतात, आणि हात चालू असताना गोष्टीही चालू राहतात.

भिजविण्याची आणि शिजविण्याची ही रीत केवळ चवीसाठी नाही. वाळलेल्या कच्च्या वालांत अपायकारक द्रव्ये असतात. भिजवून, पाणी टाकून देऊन आणि चांगले शिजवून ती कमी करता येतात. म्हणून वाळलेले वाल कच्चे कधीही खाऊ नयेत. नीट शिजविलेला वाल मात्र पौष्टिक असतो. शंभर ग्रॅम वाळलेल्या वालांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. भाताच्या प्रथिनांत जे घटक कमी असतात ते वालात असतात, आणि वालात जे कमी असतात ते भातात असतात. एकाच खाचरातील ही दोन पिके ताटातही एकमेकांची उणीव भरून काढतात.

पेरणीपासून सुमारे साडेतीन महिन्यांत शेंगा वाळू लागतात. वाळलेली शेंग उन्हात तडकते आणि दाणे मातीत सांडतात. म्हणून काढणी पहाटेच्या दवात करतात. त्या वेळी शेंगा सादळलेल्या असल्यामुळे फुटत नाहीत. मग खळ्यावर वाळवून, काठीने झोडपून आणि वाऱ्यावर उफणून दाणे वेगळे करतात. उरलेला भुसा गुरांना मिळतो.

विकण्यापूर्वी आणि खाण्यापूर्वी जाणती गृहिणी एक काम करते. भरदार शेंगांच्या निरोगी रोपांचे दाणे ती बाजूला काढते, त्यांना कडक ऊन देते आणि राखेत घोळवून मडक्यात भरून ठेवते. राखेमुळे भुंगेरे लागत नाहीत. हे पुढच्या वर्षाचे बी. घरात कितीही टंचाई असली, तरी ह्या मडक्याला हात लावावयाचा नाही, असा दंडक असतो. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण वाल १', 'कोकण वाल २' आणि भाजीसाठी 'कोकण भूषण' अशा सुधारित जाती दिल्या. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने 'अर्का जय' आणि 'अर्का विजय' ह्या दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसलेल्या जाती तयार केल्या. त्यांना हिवाळ्याची वाट पाहावी लागत नाही. अशा नव्या जाती निर्माण करण्यासाठीही शास्त्रज्ञांना जुन्या जातींचे बी लागते. म्हणून राखेतील ते मडके ज्ञानाचेही भांडार आहे.

आज भिवंडी तालुक्याचे रूप झपाट्याने बदलत आहे. मुंबई आणि ठाणे ही शहरे जवळ असल्यामुळे येथे मोठमोठी गोदामे उभी राहिली आहेत. देशभर जाणारा माल तेथे साठविला जातो आणि अनेकांना त्यामुळे रोजगार मिळाला आहे. परंतु त्यासाठी कित्येक भातखाचरांवर मुरुमाचा भराव पडला. ज्या मातीवर भराव पडतो, तीत पावसाचे पाणी पूर्वीसारखे साचत नाही आणि मुरतही नाही. भात जातो, भातामागून येणारा वालही जातो. गोदाम पुढेमागे दुसरीकडे नेता येईल; पण पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवून तयार झालेले खाचर एकदा बुजले की ते पुन्हा मिळविणे फार अवघड असते. कोठे बांधावे आणि कोठे पेरावे, ह्याचा विचार म्हणूनच भराव टाकण्यापूर्वी व्हावयास हवा.

वालाला पाटाचे पाणी नको, मांडव नको, फारसे खतही नको. त्याला हवी असते भातामागे उरलेली ओल, ती ओळखणारी मूठ, वेळेवर उठणारा शेतकरी आणि आपली गुरे बांधून ठेवणारा शेजारी. एवढे जेथे मिळते, तेथे तो रिकाम्या दिसणाऱ्या खाचरातूनही घरादाराला पुरेल एवढे अन्न देतो, आणि जाताना पुढच्या भातासाठी जमिनीत काहीतरी ठेवून जातो.

शब्दार्थ

खाचर – बांध घालून पाणी साठविता येईल असे भाताचे शेत
अंगओल – जमिनीच्या अंगची मुरलेली ओल
वाफसा – पेरणीस योग्य अशी जमिनीतील ओल व हवा ह्यांची स्थिती
धसकटे – पीक कापल्यावर जमिनीत उरलेले बुडखे
टोकण – छिद्र पाडून एकेक बी पेरण्याची पद्धत
सोटमूळ – सरळ खोल जाणारे मुख्य मूळ
शिवार – गावाच्या हद्दीतील शेतजमीन
सादळणे – ओलाव्याने मऊ पडणे
दंडक – नियम, शिरस्ता

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वालाचा दाणा कोणत्या खुणेवरून ओळखता येतो?
(आ) वालाच्या जुन्या जातींना फुले केव्हा येतात?
(इ) वालाची काढणी पहाटे का करतात?
(ई) बियांचे दाणे राखेत का घोळवितात?

२. पुढील प्रश्नांची चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) वाफसा आला आहे की नाही, हे आजाने कसे पाहिले?
(आ) खाडीलगतच्या खाचरांत वाल का येत नाही?
(इ) भात आणि वाल ही पिके एकमेकांना कोणकोणत्या प्रकारे साहाय्य करतात?

३. कारणे द्या.
(अ) एकट्या शेतकऱ्याने वाल पेरणे धोक्याचे असते.
(आ) वाळलेले वाल कच्चे खाऊ नयेत.

४. पुढील वाक्यांचा अर्थ स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.
(अ) "माती काही आपली वाट बघत बसत नाही, आपणच तिची वाट बघायची असते."
(आ) राखेतील ते मडके ज्ञानाचेही भांडार आहे.

५. व्याकरण
(अ) पुढील सामासिक शब्दांचा विग्रह करा : भातकापणी, रात्रंदिवस, लोहमार्ग, घरादार.
(आ) पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा : ओला, सखल, उतावीळ, एकोपा, टंचाई.
(इ) 'तोंडी सापडणे', 'हाती लागणे', 'वाट पाहणे' ह्या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

६. करून पाहा.
(अ) खडूचा एक तुकडा शाई घातलेल्या पाण्यात उभा ठेवा. पाणी वर कसे चढते, ते पाहून त्याचा जमिनीतील ओलीशी असलेला संबंध लिहा.
(आ) तीन कुंड्यांत वालाचे बी पेरा. एकीत चिखल, दुसरीत वाफशाची माती आणि तिसरीत कोरडी माती घ्या. आठ दिवसांनी काय दिसते, त्याची नोंद करा.
(इ) तुमच्या गावात भातानंतर किंवा पावसाळी पिकानंतर ओलीवर कोणते पीक घेतले जात असे व आज घेतले जाते, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.